मॅक्डोनाल्ड यांना भोवलेले बनावट पत्र

भारतात रॅम्से मॅक्डोनाल्ड हे नाव आठवते ते १९३२च्या जातीय निवाड्यामुळे. येरवड्याच्या तुरुंगातील महात्मा गांधींचे उपोषण आणि त्यातून झालेला पुणे करार या दोन्हींच्या मुळाशी ब्रिटनच्या या पंतप्रधानाने जाहीर केलेला एक दस्तऐवज होता. ब्रिटनमध्ये मात्र त्यांचे नाव दुसऱ्याच एका कागदाशी कायमचे जोडले गेले आहे. तो कागद त्यांनी लिहिलेला नव्हता, त्यांना उद्देशून लिहिलेलाही नव्हता आणि ज्याच्या सहीने तो प्रसिद्ध झाला त्यानेही तो लिहिला नव्हता. तथापि, ब्रिटनचे पहिले मजूर सरकार ज्या निवडणुकीत गेले, त्या निवडणुकीच्या अखेरच्या चार दिवसांत या एकाच कागदाची चर्चा होती. निवडून आलेले सरकार आणि त्याच सरकारची गुप्तचर यंत्रणा यांचे नाते किती नाजूक असते, याचा हा धडा शंभर वर्षांनंतरही जुना झालेला नाही.

मॅक्डोनाल्ड यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८६६ रोजी स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लॉसीमथ या कोळ्यांच्या गावी झाला. आई अॅन रॅम्से मोलकरीण होती, वडील शेतावरचे मजूर. दोघांचा विवाह झालेला नव्हता. आई आणि आजी यांच्या कष्टांवर वाढलेला हा मुलगा गावाजवळच्या शाळेत शिकला आणि तिथेच शिकाऊ शिक्षक झाला. १८८६मध्ये तो लंडनला आला तेव्हा पाकिटांवर पत्ते लिहिण्याचे काम करून त्याला दिवस काढावे लागले. पुढे कारकुनी, मग एका उदारमतवादी नेत्याच्या खाजगी चिटणिसाची नोकरी आणि तेथून राजकारण असा हा प्रवास झाला. १८९४मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षात दाखल झाले. १८९६मध्ये मार्गारेट ग्लॅडस्टन या सुविद्य आणि सुस्थितीतील तरुणीशी त्यांचा विवाह झाला आणि उदरनिर्वाहाची विवंचना मिटली. १९००मध्ये कामगार संघटना आणि समाजवादी गट यांनी मिळून जी संयुक्त समिती स्थापन केली, तिचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले. मजूर पक्ष म्हणून पुढे ओळखली गेलेली संघटना ती हीच. १९०३मध्ये उदारमतवाद्यांशी गुप्तपणे जागावाटप करण्याची मुत्सद्देगिरी त्यांचीच होती. त्याचे फळ म्हणून १९०६च्या निवडणुकीत या समितीचे २९ सदस्य निवडून आले. स्वतः मॅक्डोनाल्ड लेस्टरमधून विजयी झाले.

हिंदुस्थानशी त्यांचा संबंध याच काळात आला. १९०९मध्ये ते पत्नीसह या देशात आले. लोकमान्य टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते आणि बंगाल फाळणीने धुमसत होता. ब्रिटनमध्ये निवडणुकीची चिन्हे दिसू लागल्याने दौरा आटोपता घ्यावा लागला. परंतु परतल्यावर त्यांनी भारताच्या जागृतीवर एक सहानुभूतीचे पुस्तक लिहिले, ते १९१०मध्ये प्रसिद्ध झाले. १९११च्या कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांना देऊ करण्यात आले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मार्गारेट यांचे निधन झाले आणि तो बेत राहून गेला. सनदी नोकऱ्यांतील भारतीयांच्या प्रवेशाचा विचार करण्यासाठी लॉर्ड इस्लिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली जो शाही आयोग नेमला गेला, त्यावर ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासमवेत सदस्य होते. भारतीय नेत्यांना आपला वाटावा असा हा इंग्रज राजकारणी होता.

१९१४मध्ये महायुद्ध सुरू झाले. ब्रिटनने युद्धात उतरण्यास मॅक्डोनाल्ड यांचा विरोध होता आणि पक्ष युद्धाच्या बाजूने गेल्यावर त्यांनी संसदीय पक्षाचे नेतेपद सोडले. देशद्रोही म्हणून त्यांची संभावना होऊ लागली. १९१५च्या सप्टेंबरमध्ये होरॅशियो बॉटम्ली या संपादकाने आपल्या 'जॉन बुल' साप्ताहिकात मॅक्डोनाल्ड यांचा जन्मदाखला छापला. आईवडिलांचा विवाह झाला नव्हता आणि जन्मनोंद वेगळ्या नावाने होती, हे त्यावरून जगजाहीर झाले. हा कागद अस्सल होता. त्याने मॅक्डोनाल्ड यांना अतोनात मनस्ताप दिला, १९१६मध्ये गावाकडच्या गोल्फ क्लबाने त्यांना युद्धविरोधी भूमिकेसाठी सभासदत्वावरून काढून टाकले, १९१८च्या निवडणुकीत ते पराभूतही झाले. पण त्यांचे राजकारण संपले नाही. गरिबीतून वर आलेल्या माणसाच्या जन्माची चिकित्सा सामान्य मतदाराला फारशी रुचली नाही. १९२२मध्ये वेल्समधील अॅबरॅव्हनमधून ते पुन्हा निवडून आले आणि मजूर पक्षाचे नेते झाले.

डिसेंबर १९२३च्या निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. हुजूर पक्षाला २५८, मजूर पक्षाला १९१ आणि उदारमतवाद्यांना दीडशेहून अधिक जागा मिळाल्या. उदारमतवाद्यांच्या पाठिंब्यावर २२ जानेवारी १९२४ रोजी मॅक्डोनाल्ड पंतप्रधान झाले. परराष्ट्र खातेही त्यांनी स्वतःकडे ठेवले. मोलकरणीचा मुलगा साम्राज्याच्या सर्वोच्च पदावर बसला होता. परंतु हाताखालची यंत्रणा जुनीच होती. परराष्ट्र खाते, लष्कर, पोलिस आणि गुप्तहेर खाते यांतील बहुतेक वरिष्ठ अधिकारी ज्या वर्गातून आले होते, त्या वर्गाला समाजवादी आणि बोल्शेविक यांत फारसा फरक दिसत नव्हता. क्रांतिकारक चळवळींविषयी पोलिसांच्या खास शाखेकडून दर आठवड्याला येणारा अहवाल मंत्रिमंडळात फिरवण्यास मॅक्डोनाल्ड यांनी नकार दिला, यावरून दोन्ही बाजूंचा परस्परांवरील विश्वास कितपत होता हे लक्षात येते.

१ फेब्रुवारी १९२४ रोजी सरकारने सोव्हिएत रशियाला मान्यता दिली. ऑगस्टमध्ये व्यापार आणि कर्जाविषयीचे करार तयार झाले. झारच्या काळातील कर्जे बुडवणाऱ्या राजवटीला पुन्हा कर्ज देण्याच्या कल्पनेने विरोधक खवळले. त्यातच कम्युनिस्ट साप्ताहिकाचे संपादक जे. आर. कॅम्बेल यांच्यावर सैनिकांना चिथावणी दिल्याबद्दल भरलेला खटला सरकारने मागे घेतला. ८ ऑक्टोबरला या प्रश्नावर सभागृहात ३६४ विरुद्ध १९८ मतांनी सरकारचा पराभव झाला. मतदानाची तारीख ठरली २९ ऑक्टोबर.

त्याच सुमारास लॅटव्हियाची राजधानी रिगा येथून ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या लंडनमधील कचेरीत एक पत्र येऊन पडले. तारीख १५ सप्टेंबरची. कॉमिन्टर्न, म्हणजे तिसऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष ग्रिगोरी झिनोव्हिएव यांनी ते ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाला लिहिल्याचे त्यात दिसत होते. सोव्हिएत करार संमत व्हावेत म्हणून कामगारवर्गाला उठवा आणि पुढील सशस्त्र उठावाची तयारी म्हणून सैन्यात व दारूगोळ्याच्या कोठारांत आपले गट बांधा, असा त्याचा आशय होता. रिगा हे तेव्हा रशियातून परागंदा झालेल्या झारनिष्ठांचे आणि त्यांच्याकडून बातम्या विकत घेणाऱ्या हेरांचे ठाणे होते. बनावट सोव्हिएत कागदपत्रे तयार करणे हा तेथे आणि बर्लिनमध्ये काहींचा व्यवसायच झाला होता. या पत्रात अविश्वसनीय असे काही नव्हते, हेच त्याचे बळ. कॉमिन्टर्नची अस्सल पत्रके याच भाषेत निघत. ज्यांना जे खरे वाटत होते, तेच कागदावर उतरवले गेले होते.

प्रचारदौऱ्यावर असलेल्या मॅक्डोनाल्ड यांच्यापर्यंत हे पत्र १६ ऑक्टोबरला मँचेस्टर येथे पोहोचले. पत्राची सत्यता आधी पडताळून पाहावी आणि दरम्यान निषेधाचा मसुदा तयार ठेवावा, अशी सूचना त्यांनी दिली. पडताळणी करायची कोणी? ज्या गुप्तहेर खात्याने पत्र आणले, त्यानेच. आपल्याच हस्तकाने दुजोरा दिल्याचे सांगून खात्याने निर्वाळा दिला आणि परराष्ट्र खात्याचे मुख्य सचिव सर आयर क्रो यांनी त्यावर विश्वास ठेवला. मसुदा मॅक्डोनाल्ड यांच्याकडे गेला. त्यांनी त्यात बरेच फेरफार केले आणि पुन्हा आपल्या नजरेखालून जाईल या अपेक्षेने आद्याक्षरे न घालता तो परत पाठवला. मधल्या काळात पत्राच्या प्रती लष्करी अधिकाऱ्यांपर्यंत गेल्या होत्या आणि हुजूर पक्षाच्या गोटातही पोहोचल्या होत्या. 'डेली मेल'कडे पत्र असून ते छापले जाणार आहे, हे २४ ऑक्टोबरला क्रो यांना कळले. सरकारने पत्र दडपले असा आरोप होईल या भीतीने त्यांनी निषेधाचा खलिता त्याच दिवशी सोव्हिएत वकिलातीचे प्रमुख राकोव्हस्की यांना पाठवला आणि वृत्तपत्रांनाही दिला. पंतप्रधान वेल्समध्ये होते. त्यांना याची कल्पनाही नव्हती.

२५ ऑक्टोबर, शनिवार. 'डेली मेल'ने हे पत्र समाजवाद्यांच्या मॉस्कोतील धन्यांनी रचलेला यादवी युद्धाचा कट म्हणून छापले. निव्वळ एका वृत्तपत्राने छापलेले पत्र खोटे म्हणून उडवून लावता आले असते. पण सोबत सरकारचाच निषेध होता आणि त्यामुळे पत्रावर अस्सलपणाचा शिक्का बसला होता. पत्र बनावट म्हणावे तर निषेध का पाठवला, आणि खरे म्हणावे तर अशा लोकांशी करार का केला, अशा कात्रीत मजूर पक्ष सापडला. मॅक्डोनाल्ड दोन दिवस गप्प राहिले. सोमवारी कार्डिफच्या सभेत त्यांनी घटनाक्रम सांगितला, कटाचा संशय व्यक्त केला, पण पत्र बनावट आहे असे ठामपणे म्हणू शकले नाहीत. झिनोव्हिएव यांनी केलेला इन्कार कोणी ऐकूनही घेतला नाही.

निकालात हुजूर पक्षाला चारशेहून अधिक जागा मिळाल्या. मजूर पक्ष १५१वर आला. मात्र आकडे नीट पाहिले तर एक वेगळी गोष्ट दिसते. मजूर पक्षाची मते सुमारे दहा लाखांनी वाढली होती. धूळधाण झाली ती उदारमतवाद्यांची. ते ४० जागांवर आले आणि त्यांचा मतदार भीतीने हुजूर पक्षाकडे वळला. पत्र नसते तरी मजूर सरकार टिकले नसते, असेच बहुतेक इतिहासकारांचे मत आहे. मग या पत्राने साधले काय? पराभवाचे खापर फोडायला मजूर पक्षाला एक जागा मिळाली आणि स्वतःच्या चुका तपासण्याचे काम लांबणीवर पडले. त्याहून खोल जखम वेगळी होती. लोकांनी निवडलेले सरकार आले तरी कायमचे सरकार आपल्याला राज्य करू देणार नाही, हा संशय पक्षाच्या मनात घर करून बसला आणि पुढील कित्येक दशके तो गेला नाही.

सत्ता सोडण्यापूर्वी मॅक्डोनाल्ड यांनी मंत्रिमंडळाची एक समिती बसवली. तिला निष्कर्षच काढता आला नाही, कारण मूळ पत्र कोणीच पाहिलेले नव्हते. हाती होती ती प्रत. पाठोपाठ आलेल्या बाल्डविन सरकारच्या समितीने गुप्तहेर खात्याच्या शब्दावर विसंबून पत्र खरे ठरवले. १९६७च्या सुमारास लंडनच्या पत्रकारांनी बर्लिनमधील रशियन निर्वासितांच्या टोळीचा माग काढला. परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांच्या आदेशावरून खात्याच्या मुख्य इतिहासकार गिल बेनेट यांनी लंडन आणि मॉस्को येथील दप्तरे तपासली, त्यांचा अहवाल १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. पत्र जवळजवळ निश्चितपणे बनावट होते आणि ते हुजूर पक्षाच्या हितासाठी गुप्तचर वर्तुळातील व्यक्तींनी फोडले असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्यांच्याकडे संशयाची सुई वळते त्यांपैकी एम.आय.५मधील जोसेफ बॉल हे पुढे हुजूर पक्षाच्या मुख्यालयात प्रसिद्धिप्रमुख झाले. मात्र वरून आलेल्या आदेशाने रचलेला एकसंध कट असल्याचा पुरावा बेनेट यांना आढळला नाही. ते कोणाच्या हातचे, हे आजही सिद्ध झालेले नाही. बनावट कागद, तो तपासून न पाहणारी यंत्रणा आणि तो योग्य वेळी योग्य हाती देणारे काही अधिकारी, एवढे पुरेसे होते.

या कहाणीला भारतातील एक बाजू आहे, ती क्वचितच सांगितली जाते. ज्या २५ ऑक्टोबर १९२४ रोजी लंडनमध्ये ते पत्र छापून आले, त्याच दिवशी कलकत्त्यात पहाटे पोलिसांनी सुभाषचंद्र बोस यांना अटक केली. बोस तेव्हा कलकत्ता महापालिकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी बंगालसाठी काढलेल्या वटहुकमाला मॅक्डोनाल्ड सरकारची संमती होती. आधार होता गुप्त पोलिसांच्या अहवालांचा. बोस यांच्यावर ना आरोपपत्र ठेवले गेले, ना खटला चालला, ना पुरावा दाखवण्यात आला. मंडालेच्या ज्या तुरुंगात टिळकांनी सहा वर्षे काढली, तिथे बोस यांची रवानगी झाली आणि मे १९२७मध्ये त्यांची सुटका झाली. त्याच वर्षी मे महिन्यात, मजूर सरकार सत्तेवर असतानाच, श्रीपाद अमृत डांगे आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांना कानपूरच्या बोल्शेविक कट खटल्यात चार वर्षांची शिक्षा झाली होती; टपालात पकडलेली पत्रे हा तेथील मुख्य पुरावा होता. ती पत्रे न्यायालयात तरी आली. बोस यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. गुप्तहेरांचा शब्द पुराव्याच्या जागी ठेवला की काय होते, हे मॅक्डोनाल्ड यांना स्वतःच्या बाबतीत त्याच दिवशी उमगले. वसाहतीतील माणसाला तोच न्याय लावावा, असे मात्र त्यांना वाटले नाही.

मे १९२९च्या निवडणुकीत मजूर पक्ष सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि मॅक्डोनाल्ड पुन्हा पंतप्रधान झाले. सोव्हिएत रशियाशी तुटलेले संबंध त्यांनी पुन्हा जोडले. पण त्याच वर्षी मार्चमध्ये बाल्डविन सरकारच्या काळात सुरू झालेला मीरत कट खटला त्यांनी थांबवला नाही. तो जानेवारी १९३३पर्यंत चालला. नोव्हेंबर १९३०मध्ये लंडनला भरलेल्या पहिल्या गोलमेज परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषवले. ऑगस्ट १९३१मध्ये आर्थिक संकटात बेकारभत्त्यातील कपातीवरून मंत्रिमंडळ फुटले. मॅक्डोनाल्ड यांनी हुजूर आणि उदारमतवादी पक्षांना बरोबर घेऊन राष्ट्रीय सरकार बनवले आणि मजूर पक्षाने त्यांना काढून टाकले. सात वर्षांपूर्वी त्यांना बनावट पत्राने पाडल्याचा आनंद मानणाऱ्यांच्याच पाठिंब्यावर ते आता पंतप्रधान होते. दुसऱ्या गोलमेज परिषदेत प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर एकमत झाले नाही, तेव्हा १६ ऑगस्ट १९३२ रोजी त्यांनी जातीय निवाडा जाहीर केला. अस्पृश्यांना विभक्त मतदारसंघ देण्याच्या तरतुदीविरुद्ध २० सप्टेंबरला गांधीजींनी उपोषण सुरू केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर आलेले विलक्षण दडपण आणि २४ सप्टेंबरचा पुणे करार हा इतिहास सर्वश्रुत आहे. विभक्त मतदारसंघ गेले, प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या आणि मॅक्डोनाल्ड सरकारने तो बदल स्वीकारला.

जून १९३५मध्ये प्रकृती खालावल्याने त्यांनी पंतप्रधानपद सोडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सीहॅम मतदारसंघात मजूर पक्षाच्या उमेदवाराने त्यांचा पराभव केला. ९ नोव्हेंबर १९३७ रोजी बोटीवर, समुद्रप्रवासात त्यांचे निधन झाले. लॉसीमथजवळ पत्नीशेजारी त्यांचे दफन झाले.

अशा कागदांचा उपयोग करण्याची कला त्यानंतर लोप पावली नाही. दिल्लीलाही तिची ओळख आहे. १९८९च्या निवडणुकीच्या तोंडावर विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मुलाचे सेंट किट्स बेटावरील बँकेत खाते असल्याची कागदपत्रे प्रकाशात आली आणि ती बनावट होती. त्या वेळी मतदाराने त्यांवर विश्वास ठेवला नाही आणि डिसेंबरमध्ये सिंह पंतप्रधान झाले. बोफोर्सनंतरच्या त्या वातावरणात लोकांच्या मनातील संशय दुसऱ्या दिशेने वाहत होता. म्हणजे बनावट कागद किती सफाईने केला आहे यापेक्षा तो कोणत्या भीतीवर बोट ठेवतो, यावर त्याचे यशापयश ठरते. त्याला उत्तर देण्यासाठी मतदाराची समज लागते तशीच एक व्यवस्थाही लागते. गुप्तचरांनी आणलेला कागद गुप्तचरांखेरीज दुसऱ्या कोणी तपासला पाहिजे, आणि मतदानाच्या आधी तपासला पाहिजे. भारताच्या गुप्तचर यंत्रणा आजही संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या नाहीत आणि संसदेच्या एखाद्या समितीला त्यांचा हिशेब द्यावा लागत नाही. १९२४मध्ये मॅक्डोनाल्ड यांच्यापाशी जे साधन नव्हते, ते दिल्लीत बसणाऱ्या पंतप्रधानापाशीही नाही, आणि ज्याच्यावर असा कागद रोखला जातो त्या विरोधकापाशी तर मुळीच नाही.